पाटी झाकून ओळखलेला पंप

माझ्या फजितीचे किस्से नगरच्या निम्म्या गॅरेजांना पाठ आहेत. उलटा बसवलेला गियर, स्वतःच्याच मोटरसायकलीत भरलेलं रॉकेल — सगळे मीच सांगितलेत, हातवारे करून, चहा थंड होईपर्यंत. एक किस्सा मात्र आजवर खोटा सांगत आलो. खरा कुणालाच सांगितला नाही, बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतो. पण मध्ये हसलात तर मला राग येईल. हसवायची खोड माझीच — तरीही येईल.

बहात्तरच्या दुष्काळाच्या थोडं आधीची गोष्ट. नगरला डिझेल पंप दुरुस्त करायच्या एका वर्कशॉपात मी मेस्तरी होतो. ट्रॅक्टर, उसाचे ट्रक, विहिरीवरची इंजिनं — प्रत्येकाला डिझेल मोजून देणारा पंप असतो, तो बिघडला की आमच्याकडं यायचा. आमच्यात एक रीत होती. नव्या तऱ्हेचा पंप आला की त्याच्यावरची पितळी पाटी चिंधीनं झाकायची आणि मेस्तरीनं नुसता हात फिरवून सांगायचं — कुठला, कशाचा. पाटी वाचली की इज्जत गेली. चुकला तर मेस्तरीनं भजी द्यायची, बरोबर आला तर मालकानं. मी चुकत नसे. म्हणजे — चुकलो तरी असा काही विनोद करायचो की चूक राहायची बाजूला. याला कसब म्हणायचं की लबाडी?

कोपरगावकडच्या एका बागायतदारानं दिल्लीतल्या कुठल्याशा वकिलातीनं विकायला काढलेली जर्मन गाडी घेतली होती. दोन दारांची, लाल, शर्यतीतल्यासारखी, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. आज लोक असल्या गाड्या कौतुकानं जपतात. पेट्रोलची गाडी, पण तिला कार्बोरेटर नाही, त्याजागी पंप. चढाला काळा धूर टाकते म्हणून तो पंप काढून आमच्याकडं आणला.

चिंधी पडली. मी हात फिरवला. सहा तोंडं, ओळखीचा घाट. पेट्रोलसाठी असा पंप असतो हे मला ठाऊकच नव्हतं, आणि "ठाऊक न्हाई" म्हणायला माझी जीभ वळली असती तर ती माझी कसली? मी जाहीर करून टाकलं — डिझेलचाच हाय, कुणीतरी खटपट करून बसवलाय. चिंधी उचलली, तर पाटीवर सगळं जर्मन. मला चूक ठरवणार कोण? भजी मालकानं मागवली.

पंप उघडला. आत अंगठ्याएवढा एक पोलादी तुकडा, सगळा उंचसखल. डिझेलच्या पंपात असलं काही मी पाहिलं नव्हतं. म्हणजे झिजला असणार! माझ्या अकलेत बसत नाही ते झिजलेलंच असणार, नाही का? मी फिलीपला हाक मारली.

फिलीप आमचा टर्नर, लेथवर लोखंड कातणारा. माझ्याच वयाचा, कमी बोलणारा, पण माझ्या प्रत्येक विनोदाला पहिला हसणारा. मी म्हणालो, याचा बटाटा झालाय, गोल करून दे. त्यानं तुकडा बोटांत फिरवला आणि विचारलं, "सगळाच घासू?"

"सगळाच," मी म्हणालो.

त्यानं आरशासारखा करून दिला. हात होताच तसा त्याचा.

गाडी राहुरीच्या पुढं गेली आणि बसली. पिस्टनला भोक. मग पुण्याहून एक जाणकार आला. त्यानं आमच्यासमोर पंप उघडला, तो गुळगुळीत तुकडा तळहातावर घेतला आणि कपाळाला हात लावला. म्हणाला, हे उंचवटे म्हणजेच या पंपाची अक्कल. कुठल्या वेगाला, किती भाराला किती पेट्रोल द्यायचं ते त्यांच्यात कोरलेलं होतं. ते गेले, पेट्रोल कमी पडलं, इंजिन आतून जळलं.

मालकानं विचारलं, "हे कुणी घासलं?"

एक शब्द पुरला असता — एकच.

मी म्हणालो, "फिलीपनं. मी नको म्हनत हुतो."

आणि फिलीप हसला. कळतंय का तुम्हाला? हसला! त्याला वाटलं, मेस्तरीची गंमत चाललीय, पुढचं वाक्य आता येईल. तो माझ्याकडं बघत वाट पाहत राहिला. मी पान्यावरचं ग्रीस पुसत राहिलो. ते हसू कधी मावळलं, मी पाहिलं नाही — पाहायची छाती नव्हती. मालक मात्र भडकला, गाडी जाळून वर दात काढतोय म्हणाला. त्याच दुपारी फिलीपला काढलं.

नगरात मग त्याला कुणी लेथजवळ उभं करीना. दुष्काळ पडला तेव्हा तो बायकोला घेऊन पारनेरकडं सरकारी कामावर खडी फोडत होता. ते हात, आणि खडी! आणि मी? मी त्याचा किस्सा केला. 'फिलीपनं बटाटा सोलला.' बारा गावचे ड्रायव्हर तो ऐकायला थांबायचे. राग येतो मला — त्या भज्यांचा, त्या चिंधीचा, खो खो हसणाऱ्या त्या टोळक्याचा. पण हाही राग खोटाच की. त्यांना काय माहीत होतं? माहीत मला होतं.

दुष्काळ सरला. मालकाच्या मुलीचं लग्न निघालं. जुना माणूस म्हणून फिलीपलाही बोलावणं होतं. मांडवात पंगत बसली आणि कुणीतरी म्हणालं, मेस्तरी, ते बटाट्याचं होऊन जाऊ द्या. पलीकडच्या ओळीत फिलीप आणि त्याची बायको राहेल बसलेली मला दिसली होती. आधीच दिसली होती. तरी सांगितला, हातवाऱ्यांसकट.

राहेल उठून माझ्यापुढं आली. आवाज चढवला नाही तिनं.

"मेस्तरी, ह्या गोष्टीपायी आमी खडी फोडली. तुमी तरी ती सांगू नगा."

मी आता काय बोलतो म्हणून सगळे माझ्याकडं बघायला लागले. बघितलं की मला बोलावंच लागतं.

"वहिनी, मंग थोडी खडी इकडं बी धाडा," मी म्हणालो, "मालकाच्या अंगनात लई चिखुल हाय."

मांडव हसला. फिलीप पत्रावळीवर वाकला होता, त्यानं मान वर केली नाही. राहेलनं त्याला दंडाला धरून उठवलं आणि दोघं अर्ध्या जेवणावरून निघून गेली. वाढपी जिलेबी घेऊन आला. मी घेतली. परत आला, तेव्हा परत घेतली.