हेडक्लार्कची लाल रेघ

नातीच्या हातून लाल शाई सांडली आणि त्या वासानं मला साताऱ्याच्या कचेरीत नेलं. लढाईवर गेलेल्या दादाचं पत्र येईना, म्हणून मी इंग्रजीत अर्ज लिहिला होता. ‘चौकशी करा’ म्हणायला ‘लुक इनटू’ हवं; मी ‘लुक आफ्टर’, म्हणजे ‘सांभाळा’, लिहिलं. हेडक्लार्कनं मोठ्यानं वाचलं, कचेरी हसली. त्यानं लाल रेघ ओढली. “नीट लिहून आणा.”

आई म्हणाली, “आवं सायेब, चूक पोरीची हाय. पोरगा माजा हाय.”

दादा आलाच नाही. आता वाटतं, आईला ‘सांभाळा’च म्हणायचं होतं.

पुढं मी सांगलीत इंग्रजी शिकवू लागले. तोच हेडक्लार्क, म्हातारा झालेला, मुलाच्या बदलीचा अर्ज तपासून घ्यायला आला. त्यानं मला ओळखलं नाही. त्याचं ‘लुक इनटू’ अगदी बिनचूक होतं.

मी त्याखाली लाल रेघ ओढली. “नीट लिहून आणा.”