हिरव्या कपड्यांतला फोटोवाला

व्याघ्र प्रकल्पाच्या मोहर्ली गेटवर गाइड पुष्कळ आहेत, पण पर्यटकांना गप्प बसवावं ते रंजीता मडावीनेच. मुंबईचा डॉक्टर असो की नागपूरचा बिल्डर, गाडी सुरू व्हायच्या आत ती मागे वळून सांगते, "वाघ दिसन का नाई, ते वाघाच्या हातात हाय. गप राहनं तुमच्या हातात हाय." आठ वर्षं झाली, मी तिच्या शेजारी बसून जिप्सी चालवतो. एवढ्या वर्षांत तिचा अंदाज चुकलेला मी पाहिला नाही आणि माझा बरोबर आलेला तिने पाहिला नाही. मी म्हणतो वाघीण नाल्यापलीकडे गेली, ती म्हणते इथेच थांबा, आणि वाघीण तिथेच निघते. मला राग येतो. तरी गाडी मीच थांबवतो.

अशा या बाईने एका फोटोपुढे मात्र हात टेकले होते.

फोटो तिच्या आईचा, सुकरीबाईचा. बारा वर्षांपूर्वी चैतात सुकरीबाई पहाटे मोहाची फुलं वेचत होती आणि त्याच झाडाखाली मोह खायला अस्वल आलं. बाई वाचली, पण डावा गाल कानापर्यंत फाटला. भरपाईच्या कागदांसाठी वनखात्याची माणसं दवाखान्यात आली, फोटो काढून गेली. ते त्यांचं कामच होतं, त्यांना दोष नाही. पण सुकरीबाईचा पूर्ण चेहरा दिसतो असा जगात तेवढा एकच फोटो आहे, रक्ताचा आणि टाक्यांचा, आणि तो फायलीत आहे.

बाई भित्री म्हणाल तर मुळीच नाही. पुढच्याच चैतात ती टोपली घेऊन त्याच झाडाखाली गेली. गावात पदर डोक्यावर असतो, चेहरा उघडा, सगळ्यांशी हसून बोलणं. पण गावाची शीव ओलांडली की पदर गालावर येतो, आणि गावातसुद्धा कोणी मोबाइल वर उचलला की हात आपोआप पदराकडे जातो. रंजीताने ती झोपेत असताना फोटो काढून पाहिला. म्हातारी झोपेतही जागी!

"सुरजभाऊ," एकदा गेटवर चहा पिताना रंजीता म्हणाली, "उद्या माय नसली त मी भित्तीवर काय लावू? फायलीतला फोटो लावू?"

 मी तिच्यासाठी आणखी एक चहा सांगितला.

मग यंदा उन्हाळ्यात पुण्याचं एक कुटुंब आलं, सोबत भाड्याने आणलेला फोटोवाला. तो कोणाला 'हसा' म्हणेना, 'इकडे बघा' म्हणेना. लांबून, आपल्याच नादात असलेल्या माणसांचे फोटो टिपत होता. त्यांच्या आजीचा, पेरू खाताना बी दातात अडकल्याचा फोटो रंजीताने पाहिला आणि दिवसभर तिचं वाघात लक्ष नव्हतं. संध्याकाळी म्हणाली, "जमलं, भाऊ. मायले कळूच द्याचं नाई."

पावसामुळे जुलैत कोअरचे, म्हणजे आतल्या जंगलाचे, गेट बंद झाले. तीन महिने आम्ही मोकळे. रंजीताने नागपूरला दोन दिवसांच्या सहलीचा बेत केला. पिंकीला, म्हणजे तिच्या सहा वर्षांच्या लेकीला मेट्रो बघायची होती, सुकरीबाईला 'मोठा तलाव' बघायचा होता. नवऱ्याला रिसॉर्टच्या स्वयंपाकघरातून सुट्टी मिळाली नाही, म्हणून गाडी चालवायला मी. फोटोवाला तिने मोबाइलवरच शोधून ठरवला. ताबिश त्याचं नाव, नागपूरचाच, लग्नांचे फोटो काढणारा. फोनवर तिने त्याला ज्या सूचना दिल्या त्या मी ऐकल्या आहेत.

"लाल-पांढरं घालू नका. हिरवं घाला, नाईतर खाकी. सेंट लावू नका. चपलीचा आवाज नको. आन् मायच्या समोरून बिलकुल येऊ नका."

"दीदी, मैं शादी के फोटो निकालता हूँ, शेर के नहीं."

"सारखंच असते ते."

मी तिला म्हटलं, "रंजीता, हे शहर आहे." ती म्हणाली, "भाऊ, तुमी गाडी चालवा." चालवली.

पहिला दिवस मेट्रोत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही फुटाळा तलावावर पोचलो. आभाळ भरलेलं, तलावावर वारा, काठाच्या सिमेंटच्या रस्त्यावर नुसती गर्दी. गुलाबी छत्र्या, पिवळे फ्रॉक, फुगे, भुट्टे. आणि त्या सगळ्या रंगीबेरंगी गर्दीत एक माणूस डोक्यापासून पायापर्यंत हिरवा-खाकी! हिरवा शर्ट, खाकी पँट, वर हिरवी टोपी, गळ्यात हातभर लांब लेन्सचा कॅमेरा. बिचारा सांगितल्याप्रमाणे तंतोतंत आला होता आणि दुधातल्या माशीसारखा दिसत होता. मी कपाळावर हात मारून घेतला. रंजीताच्याही लक्षात आलं असावं, कारण तिने माझ्याकडे बघायचं टाळलं.

सुकरीबाई कठड्यावर बसून भुट्टा खात होती. वाऱ्याने पदर जरा ढळला होता. ताबिश आइस्क्रीमच्या गाडीमागून डोकं काढायचा, पुन्हा आत घ्यायचा. मला वाटलं, चला, जमतंय.

चार मिनिटंही झाली नसतील. जिला झुडपामागचं जनावर वासावरून कळतं, तिला आइस्क्रीमच्या गाडीमागचा माणूस कळायला किती वेळ लागणार?

"रंजीता," सुकरीबाई मान न वळवता हळूच म्हणाली, "मांगं फॉरेस्टवाला हाय. कॅमेरा घेऊन हाय."

आणि पदर गालावर नाही, पार डोळ्यांपर्यंत आला. हातातला भुट्टा तसाच राहिला.

"आता काय राह्यलं व माह्या फायलीत?" पदराआडून ती म्हणाली. "बारा वर्षं झाले ना. इथंवर काऊन येऊन राह्यले हे लोक?"

मी रंजीताकडे पाहिलं. दहा फुटांवर वाघीण असताना जिची पापणी हलत नाही, तिची नजर खाली गेलेली मी प्रथमच पाहिली. आईला चार क्षण सुखाचे द्यायचे म्हणून आणलं आणि नेमका तोच दवाखाना आणून तिच्यापुढे उभा केला. खोटं बोलणं सोपं होतं. 'असंल कोणी, चाल घरी,' म्हटलं की मिटलं असतं. रंजीता खोटं बोलली नाही.

"माय, तो फॉरेस्टवाला नाई. मीच बोलावलं त्याले." ती आईच्या पायाशी खाली बसली. "मले तुया चेहऱ्याचा फोटो पाह्यजे होता. तुले न सांगता. ते हिरवे कपडे बी मीच घालाले लावले. चुकलं माहं."

सुकरीबाईने भुट्टा पिंकीच्या हातात दिला, उठली आणि सरळ आइस्क्रीमच्या गाडीकडे चालू लागली. आम्ही मागे. तिला येताना पाहून ताबिशची पाचावर धारण बसली. कॅमेरा छातीशी धरून तो म्हणाला, "माफ करना अम्मा. सब डिलीट कर देता हूँ."

"लपून काऊन काढते बावा?" सुकरीबाई म्हणाली. "अस्वल बी समोरून आलं होतं."

ताबिशला अस्वलाचं काही ठाऊक नव्हतं. तरी त्याने मान खाली घातली. मीही घातली, कारण या कटात मीही होतो.

ती परत येऊन कठड्यावर बसली. रंजीता म्हणाली, "राहू दे माय. जाऊ आपन."

"तू विचारलं काऊन नाई मले?"

"तू नाई म्हनली असती."

"म्हनली असती. दुसऱ्यांदा बी नाईच म्हनली असती. तिसऱ्यांदा विचाराचं ना व. माय हाव मी तुई."

बराच वेळ ती पाण्याकडे बघत राहिली. पिंकी भुट्टा खात होती, रंजीता नखं कुरतडत होती.  जंगलात अशी वेळ आली की रंजीता मला हाताने खूण करते, हलू नका. त्या दिवशी ती खूण मी तिला केली.

मग सुकरीबाईने पदर काढला. नुसता गालावरून नाही. मोह वेचायला निघताना घ्यावा तसा कमरेला खोचून घेतला, पिंकीला मांडीवर ओढलं, रंजीताला उजवीकडे बसायला लावलं.

"बोलाव त्या हिरव्याले. समोर उभा राहा म्हन."

ताबिश समोर आला. सगळा फुटाळा इकडून तिकडे जात होता, दोघी-चौघी वळून बघतही होत्या. सुकरीबाईने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती लेन्सकडे बघत होती, ताठ. फोटो निघाला. रंजीता रडत होती, आणि खरं सांगायचं तर मीही. त्यात लाज कसली?

"दाखव," सुकरीबाई म्हणाली.

ताबिशने कॅमेरा तिच्या हातात दिला. तिने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. अंगठा हळूच पडद्यावरून फिरवला. किती वेळ गेला देव जाणे. मी मनात म्हटलं, संपलं, आता ही खोडायला सांगणार. रंजीताचाही चेहरा उतरला.

"हा नाई चालत," कॅमेरा परत देत सुकरीबाई म्हणाली. "पिंकीचे डोळे मिटले याच्यात. दुसरा काढ."