पहिल्या चढाईचा मान

आमचं गाव हुतूतूत हरायचं, त्याचं मला फारसं काही वाटत नसे. दोन गावं खेळली की एक हरणारच. मला वैताग यायचा तो नंतरच्या गप्पांचा. चैत्रात जत्रेच्या दिवशी घटकाभरात हरायचं आणि मग पुढची जत्रा येईपर्यंत आमच्या ढेळजेत बसून का हरलो ते शोधायचं. शिवाय ते सापडू नये याची सगळ्यांनी मिळून काळजी घ्यायची.

ढेळजेत, म्हणजे वाड्याच्या दारालगतच्या पडवीत, पुरुष बसत. मी आतल्या दाराआड, धान्याच्या कणगीला टेकून. मॅट्रिकपर्यंत मी सोलापुरात, मिशनच्या इंग्रजी शाळेत होते, राहायलाही तिथल्याच बोर्डिंगात. परीक्षा झाली, आणि माझ्या लग्नाचं जमेपर्यंत वडिलांनी मला मोगलाईत, तामलवाडीच्या अलीकडच्या आमच्या गावी, चुलत्यांकडे आणून सोडलं. वाटेत निजामाच्या करोडगिरी नाक्यावर शिपायानं माझी ट्रंक उघडून पुस्तकं उलटीपालटी केली, जकात बसण्यासारखं काहीच निघेना तेव्हा हिरमुसला आणि म्हणाला, “जाव.” गावात मला बोलता येत नसे. माझं मराठी ऐकून बायका तोंडाला पदर लावायच्या. म्हणून मी ऐकत बसायची, आणि ऐकायला विषय एकच होता.

“आपल्याच मातीनं दगा दिला,” शेजारचे आबा तंबाखू मळत सुरुवात करायचे. “लई भुसभुशीत. गड्याचा पाय ठरत न्हाय.”

“माती न्हाय वो, वारं. तोंडावर वारं आसल्यावर दम कसा टिकंल?”

“त्येंनी पिंडऱ्यांना करडीचं त्याल चोळलं व्हतं. म्या हात लावून बघितलंय.”

“हात लावला तर मग धरलं का न्हाईस?”

“त्येच तर सांगतुय! त्याल!”

माती, वारा, तेल. वारा दोन्ही गावांच्या तोंडावर आळीपाळीनं यायचा आणि त्या मातीत समोरचे गडीही उभे असायचे, हे आठवण्याइतकी त्यांना उसंत नसे. खरं कारण त्यांच्या मधोमध, लोडाला टेकून बसलेलं असायचं. ते म्हणजे माझे चुलते.

आम्ही त्यांना तात्या म्हणत असू. जत्रेच्या हुतूतूत पहिल्या चढाईचा मान आमच्या घराकडे होता. कुणी दिला, कधी दिला, कुणाला ठाऊक नव्हतं. तात्यांच्या वडिलांनी ती घेतली, त्यांच्या वडिलांनी घेतली, म्हणून तात्या घेत. तात्यांची पन्नाशी उलटली होती, पोट सुटलं होतं आणि उजवा गुडघा उठताना कटकन वाजायचा. चढाई म्हणजे काय, तर एका दमात ‘हुतूतू’ म्हणत मधली रेघ ओलांडायची, समोरच्या एखाद्याला शिवायचं आणि दम तुटायच्या आत परत यायचं. परत आला तर शिवलेला गडी मेला, म्हणजे खेळाबाहेर; पलीकडे सापडला तर तो स्वतःच मेला. तात्या धोतराचा काचा मारून, मारुतीकडे बघून हात जोडून निघायचे, चार पावलं जायचे आणि मरायचे. दर वर्षी. आमचा खेळ सुरूच व्हायचा तो एक गडी मेलेला धरून. समोरचं गाव हसत सुटायचं, आमच्या पोरांच्या माना खाली जायच्या, आणि त्या मग शेवटपर्यंत वर येत नसत.

शाळेत आम्ही राउंडर्स खेळायचो. चेंडू सोडणाऱ्या मुलीला मॅडम सरळ बाहेर बसवायच्या आणि दुसरीला घ्यायच्या. मलाच किती वेळा बसवलं होतं. त्यात अपमान असतो हेसुद्धा मला या गावात आल्यावर कळलं.

पोळ्याला हाच प्रकार बघितला. वेशीच्या तोरणाखालून पहिला बैल आमचा. तो म्हातारा, मागच्या पायानं लंगडा. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, आणि चाल अशी की मागं सगळ्या गावाचे बैल खोळंबून फुरफुरत होते. माळवदावरून आम्ही बघत होतो. काकू म्हणाल्या, “ह्येच्या मागं बाकीचे थांबत्यात तरी. हुतूतूत कोन थांबतंय?”

काकू हे माझ्याशी बोलल्या, पण त्या रात्री भाकरी वाढताना तात्यांनाही बोलल्या. दादाला, म्हणजे त्यांच्या मुलाला, पहिली चढाई द्या, असं त्यांनी सरळ सांगितलं. दादा गावातला सगळ्यात चांगला गडी होता. उंच, शांत, आणि दम असा की मी ऐकताना माझाच श्वास धरून ठेवायची. पण त्याची पाळी येईपर्यंत निम्मे गडी मेलेले असत.

“त्येचा मान त्येला मिळंल की,” तात्या म्हणाले. “म्या मेल्यावर.”

“तुमी तर दर साली मरताय,” काकू म्हणाल्या.

तात्या मोठ्यानं हसले आणि त्यांनी आणखी कोरड्यास मागितलं. असं ते सगळं हसण्यावारी जायचं.

दिवाळीला दादा सासुरवाडीला गेला. सासुरवाडी म्हणजे तेच शेजारचं गाव, आम्हाला दर वर्षी हरवणारं. परत आला तो सरळ स्वयंपाकघरात. चुलीपुढं बसून त्यानं आईला सांगितलं की तिकडचे लोक म्हणतात, जावयानं आमच्याकडून खेळावं. “तात्यांना म्हनावं, पयली चढाई सोडत आसतील तर म्या हितंच खेळतो. न्हायतर औंदा तिकडून.” बापापुढं उभं राहून हे बोलायची त्याची प्राज्ञा नव्हती. मला तेही पटलं नाही. पण मी तरी कुणापुढं उभी राहून काय बोलत होते?

काकूंनी निरोप पोचवला. ढेळजेत आबाही होते. काकू उंबऱ्याच्या आतूनच म्हणाल्या, “ऐकताय न्हवं? औंदा तुमचा ल्योकच तुमचे पाय धरणार.”

“धरंल की,” तात्या म्हणाले. “ल्योकानं पाय न्हाय धरायचे तर कुनी धरायचे?”

आबांना तंबाखूचा ठसका लागेपर्यंत हसू आलं. काकू आत आल्या आणि पितळी इतक्या जोरात आपटली की ती कितीतरी वेळ फिरत राहिली.

त्या थंडीत मी एकदाच बोलले. माघात पोरांचा सराव सुरू झाला होता आणि तात्या ओट्यावर उन्हात बसून त्यांना सूचना देत होते. मी पाण्याचा तांब्या ठेवला आणि तिथंच उभी राहिले. “तात्या, पहिली चढाई दुसऱ्या कुणी घेतली तर?”

तात्या रागावले नाहीत. ते माझ्यावर कधीच रागावत नसत, त्यानं बोलणं आणखी अवघड व्हायचं.

“मडम, तुमच्या विंग्रजीत मानाला काय म्हनत्यात?”

“ऑनर.”

“आन् त्यो ऑनर शेजाऱ्याला उसना देता येतो का, इळ्या-खुरप्यावानी?”

मी म्हणाले, “नाही.” मग मला उत्तरं सुचली, एकापेक्षा एक चांगली, पण तोवर मी घरात येऊन तांदूळ निवडत होते. शेजाऱ्याला कुठं द्यायचा होता? मुलाला द्यायचा होता!

जत्रेच्या दिवशी ओढ्याकाठच्या चिंचेखाली बायकांसाठी गाड्या सोडल्या होत्या. मी आणि काकू पहिल्याच गाडीत उभ्या होतो, त्यामुळे पुरुषांच्या पटक्यांवरून सगळं मैदान दिसत होतं. दादा पलीकडच्या बाजूला उभा होता, रेघेपासून सगळ्यात लांब. आमच्या गावातली माणसं त्याच्याकडे बघत नव्हती. तोही त्यांच्याकडे बघत नव्हता.

तात्यांनी काचा मारला. मारुतीला हात जोडले. ‘हुतूतू’ करत रेघ ओलांडली. पाचवं पाऊल पडलं तेव्हा आमच्या बाजूनं आरोळी उठली. इतकं लांब ते कधी गेले नव्हते. मला कळलं होतं की समोरचे मुद्दाम मागं सरकताहेत, त्यांना गंमत बघायची आहे. सगळे बाजूला होत गेले आणि शेवटी तात्यांच्या पुढं दादा एकटा राहिला. तात्यांनी हात लांबवून त्याच्या खांद्याला शिवलं आणि वळले. वळताना गुडघा अडला. दादा खाली वाकला आणि त्यानं त्यांचा घोटा धरला.

काकूंनी माझं मनगट पकडलं.

दादा सणासुदीला वाकायचा तसाच वाकला होता. गुडघे टेकलेले, मान खाली, कपाळ जवळजवळ बापाच्या पावलाला लागलेलं. तात्यांचा दम खरखरत होता, पण तुटला नव्हता. मग मी दादाची बोटं बघितली. ती एकेक करून उघडली. तात्यांनी पाय ओढला, धडपडत, जवळजवळ हातांवर रांगत रेघेपर्यंत आले आणि रेघेवर आडवे पडले. दादा मेला. आमचं गाव असं ओरडलं की चिंचेवरचे कावळे उडाले.

त्यानंतर आम्ही नेहमीप्रमाणे हरलो. आमचा एक गडी मेल्यावर त्याच्या बदल्यात दादा उठला आणि आमचे बाकीचे गडी त्यानं पाठोपाठ मारले.

दिवेलागणीला ढेळज भरली. मी कणगीपाशी होते.

“तात्यांनी सुरुवात काय झ्याक केली!” आबा म्हणत होते. “आजवर आशी चढाई न्हाय बघितली. मागच्यांनी घाण केली सगळी.”

“मागच्यांचा तरी काय दोस? माती बघितली का?”

मी ओरडायचीच बाकी होते. एवढी वर्षं ते खरं कारण सोडून बाकी सगळं बोलत होते, आणि आता तर त्या कारणाला हार घालून बसले. पुढच्या वर्षी पहिल्या चढाईचं नाव कोण काढणार? दादानं बोटं उघडली ती बापासाठी, पण आमचं गाव कायमचं बुडवलं.

माणसं गेल्यावर काकू करडीचं तेल कोमट करून घेऊन गेल्या. तात्यांनी गुडघा पुढं केला नाही. मग हळू आवाजात म्हणाले, “खरं सांग. सोडलं का गं त्येनं मला?”

मी दाराला हात लावला. वर्षभर काकू ज्याची वाट बघत होत्या तो क्षण हाच होता. एक शब्द, आणि मान आपोआप दादाकडे गेला असता. त्यांनी बघितलं होतं. माझ्या मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ अजून होते.

“न्हाय वो,” काकू म्हणाल्या. “चांगला घट धरला व्हता. तुमीच निसटला.”

“व्हय ना?”

“व्हय. आता पाय हिकडं करा.”