कानशिलावर मोडलेली बोटं

आभा म्हसकर कोलकात्याला आमच्या दमदमच्या घरी राहायला आली तेव्हा तिच्याजवळ एक बॅग, एक लॅपटॉप आणि हातभर लांबीचा आरसा होता. मला वाटलं, पोरगी नटवी दिसतेय. दुसऱ्याच दिवशी कळलं की आरसा नटण्यासाठी नाही. ती त्याच्यासमोर उभी राहून तोंडं वेडीवाकडी करायची, कमरेत वाकून म्हातारीसारखी चालायची, खोटंखोटं शिंकायची, आणि हे सगळं मोबाइलवर टिपायची.

"काकू, कार्टूनला हलवायचं तर आधी आपण हलून बघावं लागतं," ती म्हणाली.

आमच्या दत्तात्रयरावांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "आणि याचा पगार देतात?"

देत होते, पण सहा महिन्यांच्या बोलीवर. सॉल्ट लेकला, सेक्टर फाइव्हमध्ये तिचा स्टुडिओ होता. तिथे लहान मुलांची एक बंगाली कार्टून मालिका बनायची. काम पसंत पडलं तर कायम, नाही तर हातात नारळ. कोलकाता हे काही तिचं स्वप्न नव्हतं. पुण्याने नाही म्हटलं, मुंबईने उत्तरच दिलं नाही, आणि इथल्यांनी ये म्हटलं, म्हणून ती आली. इथे ओळखीचं कोण, तर आम्ही. तिचे वडील सुधाकर म्हसकर हे दत्तात्रयरावांचे वर्गमित्र. खिदिरपूरला कस्टम्सच्या नोकरीत बदली होऊन आम्ही इकडे आलो ते इथलेच झालो. मुलगा शौनक बंगळूरला गेला, त्याची खोली रिकामी होती.

म्हसकर अकोल्याच्या शाळेत जन्मभर चित्रकला शिकवत होते, आणि म्हणूनच पोरीने चित्रांच्या नादी लागू नये असं त्यांचं ठाम मत. "माझे दिवस कसे गेले ते मला माहीत आहे," असं ते फोनवर म्हणायचे. शेवटी बापलेकीत करार झाला. कायम झाली तर कोणी एक शब्द बोलणार नाही. नाही झाली तर मुकाट्याने अकोल्याला परत यायचं, तिथल्या काकांच्या ओळखीच्या पतसंस्थेत बसायचं, आणि पुढच्या वर्षी लग्न. पतसंस्था हा शब्द काढला की आभाचा चेहरा असा व्हायचा की मी विषय बदलायची.

पाचव्या महिन्यात तिला तिचा स्वतःचा शॉट मिळाला. तोवर ती दुसऱ्यांच्या चुका निस्तरत होती. होस्टेलवरून मुलगा कितीतरी महिन्यांनी घरी येतो, दारात आई त्याचे लाड करते, एवढंच. नऊ सेकंद. पण तिचा वरचा नीलांजनदा तिला स्पष्ट म्हणाला होता की तुला ठेवायचं की नाही ते यावरून ठरेल.

तीन आठवडे पोरगी जेवणाच्या ताटावरही भानावर नसायची. आरशासमोर उभी राहायची, दोन्ही तळवे समोरच्या हवेतल्या मुलाच्या चेहऱ्यावरून फिरवायची आणि आपल्या कानशिलावर बोटं कडाकडा मोडायची. पुन्हा फिरवायची, पुन्हा मोडायची. स्टुडिओची रीत अशी की आधी कच्चा शॉट दाखवायचा, वरच्याने हो म्हटलं की मग त्यावर हात फिरवायचा. आभाने कच्चं दाखवलंच नाही. आज दाखवते, उद्या दाखवते करत राहिली. म्हसकरांनी लहानपणापासून तिच्या डोक्यात भरवलं होतं की अर्धवट चित्र कुणाला दाखवायचं नाही, लोक हसतात. ती बापाशी भांडून घराबाहेर पडली, पण बापाची शिस्त बॅगेत घालूनच आली.

ज्या दिवशी दाखवलं त्या दिवशी ती दुपारीच घरी आली. पर्स सोफ्यावर टाकून जमिनीवर बसली.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, ये तो हिंदी सीरियल हो गया, आभा. हमारे यहाँ कौन माँ ऐसा करती है? सगळे हसले, काकू. एक जण म्हणाला, बाईचं डोकं दुखतंय का?"

मी कढईतली भाजी हलवायची थांबले. बंगाली आया बोटं मोडत नाहीत. माझ्या खालच्या मजल्यावरच्या मिनतीदी मुलगा आला की त्याच्या हनुवटीला बोटं लावतात आणि तीच बोटं आपल्या ओठांना टेकवतात. शौनकलासुद्धा त्यांनी कितीदा तसं केलंय. हे मला माहीत होतं की. पण आभा आरशासमोर बोटं मोडत होती तेव्हा त्यात काही वावगं आहे असं माझ्या मनातही आलं नाही. आपल्याकडे आई दुसरं काय करणार?

कच्चं दाखवलं असतं तर पाच मिनिटांत निभावलं असतं. आता वेळ उरला नव्हता. शॉट दुसऱ्या मुलाकडे गेला, त्याने तीन दिवसांत उरकला, आणि महिनाअखेरीस आभाला सांगितलं की सध्या जागा नाही, दुर्गापूजेनंतर बघू. ही पूजा संपली की पुढची यायची, पण 'पूजेनंतर बघू' काही संपत नाही. मी तिला तसं म्हटलं. नको होतं म्हणायला.

तिने घरी कळवलं नाही. म्हसकरांनी फोनवर विचारलं, "झालं का गं?" आणि ती "हो बाबा" म्हणून बसली. माझ्यासमोर. पाठ केल्यासारखं. अकोल्यात पेढे वाटले गेले. मी तिच्यावर चिडले, अद्वातद्वा बोलले. ती माझे पाय धरायला आली. "काकू, फक्त पूजेपर्यंत. मी शिकते, मी त्यांना पुन्हा करून दाखवते. पतसंस्थेत मी मरेन हो." सव्वीस वर्षांची मुलगी माझ्या स्वयंपाकघरात फरशीवर बसून असं म्हणते, तेव्हा काय करायचं? मी तिला डबा करून दिला.

रोज सकाळी नोकरीला निघाल्यासारखी ती डबा घेऊन निघायची. जायची कुठे? तर विमानतळावर. पूजेच्या आधी सारा बंगाल घरी येत असतो. बाहेर येणाऱ्यांच्या दाराशी, लोखंडी कठड्याला टेकून ती आया बघत उभी राहायची. आई हात कधी उचलते, मान कुठे कलते, हनुवटीवर बोटं किती वेळ राहतात. संध्याकाळी मला चित्रं दाखवायची. "यांच्यात फार हळू असतं, काकू. एकदाच करतात आणि लगेच 'रोगा झालास', म्हणजे वाळलास, म्हणून रागवायला लागतात." तिने घरच्या लॅपटॉपवर अख्खा शॉट नव्याने केला आणि नीलांजनदाला पाठवला. मिनतीदींना दाखवला तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नीलांजनदाने अंगठा पाठवला. पुढे काही नाही. आणखी चार स्टुडिओंना पाठवला, तिथून अंगठाही आला नाही. ती जेवेनाशी झाली. वाळून काडी झाली पोरगी, आणि मला रोज वाटायचं, आज सांगावं अकोल्याला, आज सांगावं.

सांगायची वेळच आली नाही. लेकीची नोकरी बघायला म्हसकर नवराबायको स्वतःच निघाले. नागपूरहून विमानाने. आभाची आई, विजयाताई, जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार होत्या.

मी आभाबरोबर गेले. ती त्याच कठड्याशी उभी राहिली. आजूबाजूला हनुवट्या आणि ओठ चालले होते, पण आज तिने वही काढली नाही. आधी म्हसकर दिसले, हातात पेढ्यांचा मोठा पुडा. "हे तुमच्या स्टुडिओतल्या लोकांना," त्यांनी लांबूनच सांगितलं. त्यांच्यामागून विजयाताई जवळजवळ धावतच आल्या, पिशवी खाली टाकली, लेकीच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलावर बोटं मोडली. सगळी वाजली. शेजारची बाई वळून बघायला लागली.

"बघ किती कडाकडा मोडली! दृष्टच लागली गं तुझ्या नोकरीला. केवढी वाळलीस!"

"आई, नोकरी नाहीये," आभा म्हणाली. "केव्हाच गेली. मी खोटं बोलले."

विजयाताईंचे हात कानशिलावरच राहिले. आभा हमसून हमसून रडायला लागली, मीही रडायला लागले. म्हसकर पेढ्यांच्या पुड्याकडे बघत होते. हा माणूस आता इथेच ओरडणार असं मला वाटलं. ते ओरडले नाहीत. पुडा काखेत मारून म्हणाले, "कशापायी गेली? काम दाखव मला."

तिने मोबाइल काढला. मला वाटलं, नवा शॉट दाखवेल, मिनतीदींना रडवणारा. तिने पहिला लावला, ज्याला सगळे हसले होते तो. गर्दीत कडेला उभे राहून दोघंही त्या छोट्याशा पडद्यावर वाकले. पडद्यावरच्या आईने हातातली भाजीची पिशवी दारातच टाकली, तळवे फिरवले, मान किंचित डावीकडे कलती करून बोटं मोडली. शॉट संपला. विजयाताईंनी बोट लावून तो पुन्हा लावायला लावला. तिसऱ्यांदाही बघितला.

"अगं, ही तर मीच आहे," त्या म्हणाल्या. मग आमच्या तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत त्यांनी विचारलं, "यात चुकलं काय?"