प्रभावती चेंडू सोडते

मुळगावच्या प्रभावतीच्या हातात पहिल्यांदा बास्केटबॉल आला तो तिशीत. लहानपणापासून तिची समज सावकाश चालायची. शाळा चौथीतच सुटली. मग घर, परसातली केळी आणि मोठा भाऊ शिवदास. आई गेल्यापासून तिचं सगळं तोच ठरवी. दारात कुणी विचारलं, "बाय, बरी मगो?" की हाच आतून उत्तर देई, "बरी आसा."

गोव्यातल्या खाणी बंद पडल्या आणि खनिज वाहणारा शिवदासचा ट्रक घरापुढे उभा राहिला. त्याच सुमारास डिचोलीत पद्मावतीबाई नावाच्या शिक्षिका एक संघ उभा करत होत्या. बौद्धिक दिव्यांग आणि इतर खेळाडू, दोघांनी एकाच बाजूने खेळायचं. प्रभावतीला विचारायला त्या घरी आल्या.

"तिका काय जमाचा नाय," शिवदास म्हणाला.

"मग तूही ये. जोडीदार आम्हाला हवेच आहेत."

सुरुवातीला प्रभावती चेंडू मिळाला की पोटाशी घट्ट धरून मैदानभर पळायची. कुणी मागितला की "माझो!" म्हणून पाठ फिरवायची. सगळे हसत, तीही हसे. शिवदास मात्र ओरडत सुटे, "माका दी! हय राव! थय धांव!"

शेवटी बाईंनी शिटी वाजवून त्यालाच बाहेर बसवलं. "शिवदास, हा ट्रक नव्हे. तिचं तिला ठरवू दे."

तो फुरंगटून बसला. मैदानात प्रभावती थांबली, तिने इकडेतिकडे पाहिलं आणि कोपऱ्यात एकट्या उभ्या असलेल्या सिद्धीकडे चेंडू टाकला. सिद्धी बोलायची कमी, त्यामुळे तिला कुणी पासच देत नसे.

"कंटाळली ती," प्रभावती म्हणाली.

तेव्हापासून ती चेंडू सोडू लागली, पण आपल्या मर्जीने.

म्हापशातल्या सामन्यात शेवटी डिचोलीचा संघ एका बास्केटने मागे होता. शिवदास बास्केटखाली हात वर करून उभा. "बाय, माका दी!" प्रभावतीने त्याच्याकडे पाहिलं. त्याला दोन उंच गड्यांनी घेरलं होतं.

"तुझ्याकडे गर्दी आसा!" ती मोठ्याने म्हणाली आणि पास सिद्धीला दिला. सिद्धीने फेकलेला चेंडू बास्केटच्या कडेवर घुटमळला आणि आत पडला. बरोबरी! प्रभावती नाचायला लागली. ती नाचत असतानाच समोरच्यांनी बास्केट केलं आणि सामना संपला.

"बाय, हरलो आपण," शिवदास म्हणाला.

"हरलो? मग परत खेळूया." ती सरळ समोरच्या संघाकडे गेली. "परत खेळूया?"

त्यांनाही हवंच होतं. बस येईपर्यंत दोन्ही संघ मिसळून खेळले. गुण कुणी मोजले नाहीत. शिवदास घामाघूम होऊन हसत होता. आई गेल्यानंतर भावाला इतकं हसताना प्रभावतीने पाहिलं नव्हतं. ती टाळ्या वाजवत राहिली.

आता ती एकटी बसने डिचोलीला जाते आणि नव्या खेळाडूंना चेंडू पकडायला शिकवते. ट्रकला आता दुसरी भाडी मिळू लागली आहेत; फेरी नसली की शिवदासही येतो. त्याला खेळायला घ्यायचं की नाही, हे पद्मावतीबाई तिलाच विचारतात. बहुतेक वेळा ती घेते.