लोकसभेची मुदत आणि आबांची पिशवी

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, शंकरराव गुरुजींना, कायदा पाळायची फार हौस. अंबरनाथच्या एका प्राथमिक शाळेत ते शिक्षक होते. रस्त्यात चिटपाखरू नसलं तरी वळणावर सायकलची घंटी वाजवायचे. छप्पन सालानंतर आमच्या घरात देव्हारा नव्हता. फळीवर बुद्धमूर्ती आणि तिच्या शेजारी भारताची घटना. त्या पुस्तकात लिहिलंय ते होणारच, अशी त्यांची पक्की समजूत होती.

शाळेच्या दाराशी एक फळा होता. रोज प्रार्थनेआधी आबा त्यावर दिनविशेष लिहायचे. त्यासाठी त्यांनी जाडजूड वही केली होती, वर्षातल्या प्रत्येक तारखेला एक पान. एकाहत्तरच्या मार्चमध्ये नवी लोकसभा बसली, तेव्हा त्यांनी पाच वर्षं पुढचा हिशेब करून अठरा मार्चच्या पानावर लिहून ठेवलं, की शहात्तर साली या दिवशी मुदत संपेल. एकाहत्तरच्याच डिसेंबरात पाकिस्तानशी युद्ध झालं. खिडक्यांना काळे कागद लागले, चाळीतली माणसं कारखान्यात दुहेरी पाळ्या करू लागली. युद्ध जिंकलेली लोकसभा म्हणून आबांना तिचं भारी कौतुक. पुढे आणीबाणी आली आणि त्या लोकसभेची मुदत वर्षभर वाढवली गेली. आबांनी ते पेपरात वाचलंही होतं. वहीतली ओळ खोडायची मात्र राहून गेली.

अठरा मार्च शहात्तर. पोरांच्या कानामागे धुळवडीचा रंग अजून होता. आबांचं डोकं सातवीच्या परीक्षेत होतं. त्यांनी वही उघडली आणि सवयीनं फळ्यावर उतरवलं, ‘आज आपल्या लोकसभेची पाच वर्षांची मुदत संपली.’ आमच्याकडे दिनविशेष एकानं वाचायचा आणि सगळ्या शाळेनं मागून म्हणायचा. त्या दिवशी पाळी माझी, मैत्रेयीची होती. मी चौथीत, आवाज खणखणीत. तीनशे पोरं माझ्यामागून ओरडली आणि फाटकाबाहेर चाललेली दोन माणसं थांबून ऐकू लागली.

हेडमास्तर कोंडाजी गुरुजी धावत आले. डस्टर शोधायलाही न थांबता त्यांनी डोक्यावरची टोपी काढून फळा पुसला.

“शंकरराव, काय केलंत हे? वर कळलं तर आपण दोघं आत!”

आबांनी हातातला खडू खिशात टाकला. फाटकाकडे पाहिलं, तर ती दोन माणसं निघून गेली होती. ती कोण होती, हे आम्हाला कधीच कळलं नाही.

महिन्याभरापूर्वीच आमच्या चाळीतल्या जयदेवकाकांना पोलीस घेऊन गेले होते. युनियनच्या सभेत चार शब्द बोलले, एवढाच गुन्हा. ते कुठे आहेत, हे त्यांच्या बायकोलाही कुणी सांगत नव्हतं.

संध्याकाळी आईनं, चांगुणानं, दिनविशेषाची वही पान-पान फाडून बंबात घातली. आबांनी रेक्झिनच्या पिशवीत दोन शर्ट, टॉवेल, दंतमंजन आणि जुना चष्मा भरला. वर घटना ठेवायला गेले, तर आईनं ती काढून घेतली.

“हे ऱ्हाऊ द्या. यानंच घोळ केलाय.”

“नेतील तेव्हा पोरीसमोर शोधाशोध नको,” म्हणत आबांनी पिशवी दारामागच्या खुंटीला लावली.

मी इतकी कधीच घाबरले नव्हते, नंतरही नाही. आबांनी लिहिलेलं टोपीनं पुसलं गेलं. मी ओरडले ते कोण पुसणार? दाराची कडी वाजली की मी आईच्या मागे लपायचे. मी वर्गात तोंड उघडेनाशी झाले. बाईंना वाटलं, मुलगी शहाणी झाली. घरात आबा रेडिओसुद्धा कानाला लावून ऐकायचे, आणि त्यावर लागायची भजनं!

असे अकरा महिने गेले. फेब्रुवारीत एका दुपारी दारात खाकी कपड्यातला माणूस उभा राहिला.

“शंकरराव गुरुजी इथंच राहतात?”

आबांनी चपला घातल्या, खुंटीवरची पिशवी काढली, आईला म्हणाले, “मैत्रेयीला शाळेतनं काढू नको.” आणि दोन्ही हात पुढे केले.

“अहो गुरुजी, कुठं निघालात? सही करा की इथं. तहसीलचा शिपाई मी. इलेक्शन ड्युटी लागलीय तुम्हाला.”

आबा उंबऱ्यावरच बसले. पिशवी मांडीवर घेऊन तिच्यावरच कागद ठेवून त्यांनी सही केली. मतदानाच्या ड्युटीवर ते तीच पिशवी घेऊन गेले, परतल्यावर ती पुन्हा खुंटीला लागली. सरकार बदललं, जयदेवकाका सुटून आले. फळ्यावर मात्र आबांनी पुन्हा कधी अक्षर लिहिलं नाही.

आम्ही बदलापूरला फ्लॅट घेतला तेव्हा पिशवीही आली. म्हाताऱ्याची सवय म्हणून मी कितीदा थट्टा केली. मागच्या वर्षी आबा गेले. दहा दिवसांनी मी ती पिशवी उघडली. वाटलं, शहात्तरचे कुजके कपडे असतील. आत दोन इस्त्रीचे शर्ट निघाले. त्यातला निळा मीच त्याआधीच्या दिवाळीत घेतला होता. घालत का नाही, म्हणून त्यांच्यावर ओरडलेही होते. तेव्हा ते म्हणाले होते, “असू दे. लागेल.”