पप्पांच्या बॉयलरचा सांधा

मंडळी, दुपारपासून कशातच मन लागत नाहीये.

माझे पप्पा साजगावला कारखान्यात फिटर होते. घरी ते पहिल्यापासून वाफेवर खरोखर धावणारी, हातभर लांबीची रेल्वे इंजिनं बनवतात.

एखादा सांधा झाळायला, म्हणजे बर्नरने धातू वितळवून जोडायला, मिळावा म्हणून मी लहानपणापासून मागे लागायचे. ते म्हणायचे, "तू नुसतं धर गं. बर्नरला हात लावायचा नाय."

आज बॉयलरचा सांधा झाळताना त्यांचा हात थरथरला. झाळ भलतीकडेच ओघळली. दुसऱ्यांदाही तेच. मग त्यांनी बर्नर माझ्यासमोर धरला. "घे गं, तूच कर."

मी झाळलं. पाणी भरून पाहिलं, थेंबभरही गळलं नाही. "बेस झालं," म्हणाले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.

इतकी वर्षं मला हेच तर हवं होतं. तुम्हीच सांगा, मग थोडं गळलं असतं तर बरं झालं असतं, असं का वाटतंय?